चौऱ्यांशीचा फेरा

शिरूरच्या आमच्या वाड्याच्या उताऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यांतले सहा जण स्वर्गवासी, दोघे बडोद्याला आणि एक जण अमेरिकेत. यांपैकी सही मिळवायला सर्वांत अवघड तो अमेरिकेतला. स्वर्गवासी मंडळींचे निदान वारस तरी गावात सापडतात. मी पुण्यात राहतो, म्हणजे या हिशेबात अगदी हाताशी असलेला माणूस. म्हणून धाकट्या चुलतभावाचा पहिला फोन मला आला.

“दादा, बिल्डर आलाय. आपल्या जागेवर सात मजले चढतात म्हणतो.”

“सात? आणि रुंदी?”

“रुंदी आहे तेवढीच की. ती कशी वाढंल?”

आता आमचा वाडा म्हणजे नगारखाना, कारंजी, कमानी असलं काही वाचकांनी मनात आणू नये. तोंडाशी चौतीस फूट रुंद आणि तिथून मागं घोडनदीच्या अंगाला पळत गेलेली एक लांबलचक वास्तू. माझे वडील दौंडला रेल्वेत गार्ड होते. ते म्हणायचे, “वाडा कसला हा, सायडिंगला लावलेली मालगाडी आहे.” पहिला डबा ओसरी, दुसरा माजघर, तिसरा स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग गोठा, आणि सगळ्यांत शेवटी, गार्डाच्या डब्याच्या जागी, संडास. रात्री तिकडं जायचं म्हणजे हातात कंदील हवाच, त्यामुळे ती उपमा अगदी पूर्ण व्हायची.

दोन दिवसांनी मी शिरूरला गेलो, तेव्हा इमारतीचं रंगीत चित्र आलं होतं. दोन्ही बाजूंना सोडायची ती जागा सोडल्यावर जी उरली होती ती इमारत नव्हे, उदबत्ती होती. तिच्या पायाशी नारळाची झाडं होती. शिरूरला, भर पेठेत, नारळाची झाडं! नावाच्या शेवटी ‘हाइट्स’ होतं, आणि दारात एक बाई केसाळ कुत्र्याला घेऊन उभी होती. ही बाई एकोणीस नावांपैकी कुठली, याचा मी विचार करू लागलो.

आमच्या काकू शहाऐंशी वर्षांच्या आहेत. चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन पोरं यांच्यासह वाड्यात आज राहतात त्या त्याच. त्यांनी चित्र हातात घेतलं, चष्मा पुसला, वरून खाली सातही मजले बोटानं मोजले आणि विचारलं,

“यात ओसरी कुठंय?”

कुणीच काही बोललं नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, “आजी, स्टिल्टला पार्किंग आहे.” काकू म्हणाल्या, “ते नाही विचारलं मी.” मी सही न करता पुण्याला परत आलो. घरचे म्हणतात, मी पैशासाठी अडून बसलोय. खरं सांगायचं तर मी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, आणि ते शोधता शोधता थेट मुंबईच्या कंबाला हिलवर जाऊन पोचलो. ते कसं, ते सांगतो.

सात मजल्यांचं घर म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला शनिवारवाडा आठवतो. पहिल्या बाजीरावानं 1730 च्या जानेवारीत त्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत केली. खर्च 16,110 रुपये. (आमच्या बिल्डरनं एका मोटारीच्या जागेसाठी याहून कितीतरी जास्त आकडा सांगितला.) पुढच्या पेशव्यांनी वाडा वाढवत नेला. तो सात मजली होता, आणि वरच्या मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1828 साली त्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती, आणि मागं तट, दरवाजे आणि जोती उरली. म्हणजे मजले जळाले आणि जोतं राहिलं. उंच घरात राहायला जाणाऱ्यानं ही नोंद करून ठेवावी.

दुसरीही एक नोंद आहे, ती आमच्या शिरूर तालुक्याची. एवढ्या मोठ्या वाड्यात मस्तानीला महाल मिळाला, तिच्या नावाचा दरवाजाही झाला, पण घरची म्हणून ओसरीवर बसायचा मान काही मिळाला नाही. तिची कबर आमच्या पाबळला आहे. घर कितीही मोठं असलं, तरी त्यात कुणाला कुठवर येऊ द्यायचं हा प्रश्न मजले वाढवून सुटत नाही.

तो प्रश्न सोडवण्यासाठीच ओसरी असते. ज्याला आत घ्यायचं नाही आणि रस्त्यावर उभंही ठेवायचं नाही, त्याच्यासाठी केलेली ही सोय. आमच्या ओसरीवर पोस्टमन पाणी प्यायचा, कासार बांगड्या भरायचा, भाऊबंद वाटणीवरून भांडायचे आणि भांडून दमले की तिथंच चहा प्यायचे. मुलगी बघायला आलेले लोक आधी ओसरीवर बसत; पसंती झाली तर माजघरात जात, नाहीतर तिथूनच चपला घालीत. काकूंची जागा खांबाशी. तिथं बसून तांदूळ निवडता निवडता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला “काय रे, आज इकडं कुठं?” हे विचारायचा हक्क त्यांनी साठ वर्षं बजावला. गावात नगरपालिका आहे, पोलीस ठाणं आहे. पण कोण कुठं गेलं याची बिनचूक नोंद फक्त तिथं मिळते.

उन्हाळ्याच्या सुटीत शिरूर आणि एरवी दौंड, असं माझं लहानपण गेलं. न्हावरा-चौफुल्यावरून एस्टीनं खडखडत दौंडला आलं की निराळंच जग. तिथं वाडा नाही, रूळ. 1858 साली आगगाडी पुण्याच्या पुढं निघाली ती दौंडवरूनच, आणि 1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर ते मोठं जंक्शन झालं. तिथल्या जुन्या साहेबी बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असायचा. मला लहानपणी वाटे, साहेबाला मोकळं बसायची हौस म्हणून हा व्हरांडा. वडिलांनी एकदा समजावलं, “अरे, घराला टोपी घातलीय ती. ऊन खोलीच्या भिंतीला लागतच नाही, व्हरांड्यातच दमतं. पावसाचंही तसंच.” दौंडच्या मे महिन्यात आमच्या क्वार्टरच्या भिंतीला पाठ लावून बसलं, की साहेबाच्या टोपीचं महत्त्व पाठीला कळत असे.

ओसरी आणि व्हरांडा. एक माणसांसाठी, दुसरा ऊनपावसासाठी. या दोघांची गाठ पडलेली मी पाहिली ती 1984 सालच्या मे महिन्यात, आणि तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

त्या वर्षी मी मामांकडे परळला गेलो होतो. मामा शिरूर तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा म्हणून जी अनेक घरं मुंबईच्या गिरण्यांकडे वळली, त्यांतलं एक त्यांचं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत मामा होते. दोन वर्षं उलटून गेली होती. भोंगा बंद, पगार बंद, आणि मामा सकाळपासून चाळीच्या गॅलरीत. आता ध्यानात येतं, गॅलरी म्हणजे चाळीची ओसरीच. फक्त ती वीस बिऱ्हाडांत एकच आणि चार फुटी. खोलीत माणसं झोपायची पाळीपाळीनं. बाकीचं सगळं आयुष्य त्या गॅलरीत. संपाच्या काळात एका घरातली भाकरी दुसऱ्या घरात गेली ती त्याच गॅलरीतून.

“चल, तुला मुंबई दाखवतो,” मामा म्हणाले. खिशात बसभाड्यापुरते पैसे. त्यामुळे जे फुकट पाहता येईल तेच पाहायचं होतं, आणि उंच इमारत ही मुंबईत फुकट पाहता येणारी उत्तम गोष्ट. केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाजवळ उतरून आम्ही पेडर रोडच्या बाजूला चालत गेलो. समोर कांचनजंगा उभी होती. वर्षापूर्वीच, 1983 मध्ये, पुरी झालेली. अठ्ठावीस मजले. पांढरीशुभ्र, सडपातळ, आणि जागोजागी कोपरे कापून नेलेले.

मी मान मागं टाकून मजले मोजू लागलो. सतराव्याशी चुकलो. पुन्हा सुरुवात केली. मामांनी मोजले नाहीत. ते विणकर, त्यांची नजर आधी वीण कुठं सुटलीय तिकडं जायची.

“कोपरे राहिलेत रे बांधायचे,” ते म्हणाले. “पैसे संपले असणार.”

फाटकावरचा पहारेकरी आमच्याकडं संशयानं बघत होता. मामांनी त्याला तंबाखू दिली आणि गाव विचारलं. निघाला न्हावऱ्याचा! पुढची पंधरा मिनिटं न्हावऱ्यातल्या कोणत्या घराची सोयरीक कुठं झालीय यात गेली. शेवटी मामांनी विचारलं, “आम्हाला वर नेऊन दाखवता का जरा?”

“नाय हो. मीच अजून वर गेलो नाय.”

मग तिघंही फाटकाशी उभं राहून वर बघत राहिलो.

ते कोपरे राहिले नव्हते, राखले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी माझ्या पुतणीनं सांगितलं. ती आर्किटेक्चर शिकत होती. घरात ढोकळा केला होता, तिनं चार चौकोनी तुकडे घेतले आणि एकावर एक रचले.

“काका, ही कांचनजंगा. पायाशी एकवीस मीटर बाय एकवीस मीटर, उंची चौऱ्यांशी मीटर. एकास चार.”

मग तिनं प्रत्येक तुकड्याचा एकेक कोपरा खाल्ला.

“आणि हा व्हरांडा.”

चार्ल्स कोरिया नावाचा वास्तुशिल्पी, जन्म 1930, सिकंदराबादचा. त्याच्यापुढची अडचण अशी होती. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडंच. आणि दुपारचं ऊन व पावसाची झड हीसुद्धा नेमकी त्याच बाजूनं. खिडकी उघडावी तर सोफा भिजतो, बंद ठेवावी तर उकडून जीव जातो. कोरियानं उत्तर जुन्या बंगल्यांत शोधलं. दौंडच्या साहेबाच्या त्याच टोपीत. राहत्या खोल्या आत ओढायच्या आणि त्यांच्यापुढं आडोशाचा एक थर ठेवायचा. फरक एवढाच, की ते त्यानं आभाळात करून दाखवलं. कोपऱ्यात दोन मजले उंच, खोल, झाडं लावता येतील असे गच्चीवजा व्हरांडे. एकूण घरं अवघी बत्तीस, तीन झोपायच्या खोल्यांपासून सहापर्यंत, एकमेकांत गुंफलेली, आत दोन-चार पायऱ्यांची चढउतार. आणि एवढा डोलारा कोपरे कापूनही पडू नये याचं गणित केलं शिरीष पटेल यांनी. ज्या उड्डाणपुलाजवळ मी आणि मामा बसमधून उतरलो तो 1965 चा पूलही त्यांच्याच हातचा.

मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर ती संख्या. चौऱ्यांशी लक्ष योनी फिरल्यावर म्हणे मनुष्यजन्म मिळतो. इथं माणूस चौऱ्यांशी मीटर चढून गेला आणि वर त्याला काय मिळालं, तर ओसरी! शिरूरला पेठेत पडून होती ती.

पण गंमत इथं संपत नाही. हेच कोरिया आणि हेच पटेल, प्रवीणा मेहता यांच्यासह, 1960 च्या दशकात सांगत होते की मुंबई अशी उंच आणि लांब ओढत नेऊ नका. खाडीपलीकडं दुसरं शहर वसवा. त्यातून नवी मुंबई झाली. ज्या सुमारास कांचनजंगा पुरी होत होती, त्याच सुमारास कोरिया बेलापूरला अंगणांभोवती बसकी घरं आखत होते. म्हणजे ओसरी श्रीमंताला चौऱ्यांशी मीटरवर आणि साध्या माणसाला जमिनीवर. पण ज्याला त्याला ओसरी हवी, हे या माणसानं धरून ठेवलं होतं.

1996 साली गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं हे ठरवायला सरकारनं एक अभ्यासगट नेमला, त्याचे प्रमुखही कोरियाच. मला हे वाचून मामा आठवले. 1991 च्या नियमात वाटणी सोपी होती: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना, एक तृतीयांश मालकाला. आमच्या ओसरीवर एकोणीस नावांची वाटणी इतकी स्वच्छ कधी झाली नाही. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असणार किती? सगळीकडं शेड आणि चिमण्या. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल ग्राह्य धरला. चिमण्या गेल्या आणि त्यांच्या जागी चिमण्यांहून उंच घरं आली. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जमिनीवर उभी असलेली वर्ल्ड वन 280 मीटर आहे. तीन कांचनजंगा एकावर एक ठेवल्या तरी ती थोडी वरच.

संप कधी रीतसर मागं घेतला गेलाच नाही. मामा खोली सोडून गावी आले आणि शेवटपर्यंत ओसरीवर बसून राहिले. एकदा त्यांना मी ते कोपरे कसले होते ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चांगलं केलंन. पण तिथं बसल्यावर हाक कुणाला मारायची?”

या प्रश्नाचं उत्तर कोरियांकडंही नसावं. ऊन, वारा, पाऊस तिघांचीही सोय चौऱ्यांशी मीटरवर होते. रस्त्यानं जाणारा माणूस तेवढा वर येत नाही. आणि पुढचे लोक तर तेवढंही करीनात. न्यूयॉर्कला 2015 साली पुरा झालेला 432 पार्क ॲव्हेन्यू नावाचा मनोरा आहे. 426 मीटर उंच, रुंदीच्या पंधरा पट. त्याच रस्त्यांच्या जाळ्यात त्याहून बारीक एक आहे, एकास चोवीस; शिसपेन्सिल उभी करावी तसा. इतकं बारीक घर वाऱ्यानं डोलतं, म्हणून 432 पार्कमध्ये दर बारा मजल्यांनंतर दोन मजले उघडे सोडलेत. वारा आत शिरतो आणि पलीकडून निघून जातो. माणसाला तिथं बसता येत नाही. म्हणजे ओसरी आहे, पण ती वाऱ्याला!

एवढा अभ्यास झाल्यावर मी पुन्हा शिरूरला गेलो. मनाशी पक्कं केलं होतं: सही करायची नाही. ढोकळा नेला होता. काकूंना चार तुकडे रचून सगळं सांगितलं. बाजीराव, साहेबाची टोपी, कांचनजंगा, मामा, न्यूयॉर्कचा वारा. काकू खांबाला टेकून ऐकत होत्या. मी म्हटलं, “आपली इमारत एकास तीनसुद्धा धड नाही, आणि तिला एकही ओसरी नाही. तुम्ही म्हणाल तर मी मोडता घालतो.”

काकूंनी वरचा ढोकळा उचलून खाल्ला.

“सही कर,” त्या म्हणाल्या.

“अहो पण काकू, तुम्हीच तर...”

“मी विचारलं फक्त. माळवद किती ठिकाणी गळतं, बघितलंस? दर साली पांढरी माती कोण टाकणार? सून रात्री पोरीला घेऊन एवढं लांब मागं जाते, मला झोप लागत नाही ती परत येईस्तोवर. तू पुण्यात बसून ओसरी ओसरी करतोस. तुझा संडास घरात आहे ना?”

गार्डाच्या डब्यातून कुणीतरी लाल बावटा दाखवावा तसा मी जागच्या जागी थांबलो. साठ वर्षं मी त्या ओसरीचं कौतुक केलं. पण मालगाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत रोज चालत कोण जातं, हे कधी मोजलं नव्हतं.

काकूंनी नातवाकडून बॉलपेन मागवलं. चित्र मांडीवर पसरलं. “हे काय आहे?”

“लिफ्ट, काकू. सातही मजल्यांची माणसं इथून वर जाणार.”

“सगळी? दुसरी वाट नाही?”

“जिना आहे, पण तोही इथंच.”

“मग बिल्डरला म्हणावं, हितं एक बाकडं टाक. भिंतीला टेकून. दोन माणसं बसतील एवढं.” आणि त्यांनी लिफ्टच्या दाराशी, नारळाच्या झाडावरून आरपार, एक आडवी रेघ ओढली.

बिल्डरचा माणूस म्हणतो, त्यानं एका मोटारीची जागा जाते. चुलतभाऊ म्हणतो, मोटार जाऊ दे. करारात ते बाकडं लिहून घेतलंय, लांबी-रुंदीसकट. त्याखाली मी सही केली. अमेरिकेतला मात्र अजून कळवतो म्हणतोय. त्याला विचारायचंय, सातव्या मजल्यावरून काय दिसतं. काकूंनी त्याला फोनवर सांगितलं, “ते मला नाही ठाऊक. मी खाली बसणार आहे.”